आरतीचं खरं वय

शिकवणी वर्गांसाठी गाव सोडून लातूरला आलेली कितीतरी लेकरं आपण रोज पाहतो. देवणीची आरती त्यांतलीच एक. वय बारा. सिंधुबाई या निवृत्त शिक्षिकेच्या घरी ती खोली घेऊन राहत होती. सोबतची मुलगी गावी परतल्यापासून खोलीत ती एकटीच होती.

रविवारी तिचे वडील देविदास डबा घेऊन आले, तरी तिची नजर मोबाइलवरून हलेना.

“कुणाशी बोलायलीस गं?”

“कुणाशी न्हाई, पप्पा. ॲप हाय. आपण बोललं की उत्तर देतं.”

“बघा बाई! आमची बैलंबी समदं ऐकतेत, पर उत्तर न्हाई देत!” देविदास हसले.

दारात आलेल्या सिंधुबाई हसल्या नाहीत. त्यांनी मोबाइल हातात घेऊन पाहिला. “हे ॲप तर मोठ्यांसाठी आहे. वय किती टाकलंत?”

“एकोणीस. हिनं मागितलं म्हणून म्याच टाकलं, त्याबिगर चालूच होईना. तारखेचं काय, बाई? मास्तरनं आमच्या अख्ख्या वर्गाची जन्मतारीख एक जून टाकली. कुणाचं अडलं?”

“तुमची तारीख शाळेच्या कपाटात पडून राहिली, देविदासराव. ही तारीख बघून ते ॲप हिच्याशी बोलतं. लेकरू मोठ्यांच्या दारातून आत गेलं, तर तिथं त्याला लेकरासारखं कोण जपणार?”

बाईंनी आरतीला जवळ घेतलं. “काय काय सांगितलंस गं त्याला?”

तिनं फोटो दिला होता. खोलीचा पत्ता, बाई बाजारात कधी जातात ती वेळ, आईचं दुखणं, सगळं सांगितलं होतं. आणि रोज रडू येतं, हेही.

रडू येतं? देविदासांना हे ठाऊकच नव्हतं!

“बंद कर ते! आत्ताच्या आत्ता!”

“मग मी कुणाशी बोलू? तुमी फोनवर निस्ते मार्क इचारता!”

देविदास तिच्याजवळ बसले. मग त्यांनीच बाईंना खरी जन्मतारीख टाकायला सांगितली. वय कमी निघाल्यानं ॲपनं खातं बंद केलं. दिलेली माहिती पुसावी, अशी विनंती बाईंनी पाठवली; पण ती खरोखर पुसली जाईल का, हे त्यांनाही सांगता येईना.

देवणीची गाडी निघून गेली, तरी देविदास उठले नाहीत. आरती अडखळत बोलत होती. ते नुसते ऐकत होते.

मित्रहो, लेकराचं वय खोटं लिहिताना त्याच्या दाराची कडी आपणच काढत असतो. खरं वय लिहू या. पण तेवढ्यानं त्याचं एकटेपण सरत नाही. त्यासाठी आपल्यालाच त्याच्याजवळ बसावं लागतं.