पाहुण्याचा पाहुणा

प्राध्यापक विष्णुपंतांची जीभ म्हणजे साखर. शेतकी कॉलेजात कुणीही भेटो, निरोप देताना म्हणायचे, "या कधीही. घर आपलंच समजा." तसं खरंच कुणी समजत नव्हतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक. परभणीत रीतच तशी. म्हणणाऱ्यानं म्हणावं, ऐकणाऱ्यानं हसून वाटेला लागावं.

पण तेस्फायला हे कोण सांगणार? इथिओपियाचा पोरगा, मातीचा अभ्यास करायला आलेला, अन् दखनी शिकला भाजीबाजारात. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या दंगलीच्या दिवसांत, तो भरदुपारी ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. शेजारी वळकटी घेतलेला आश्रुबा, त्याच्याच खोलीत राहणारा, वर्गातला हुशार पोरगा.

"सर, घरवाला आश्रुबा को निकाल दिया, उसकी बस्ती का नाम सुनके," तेस्फाय म्हणाला. "मैं भी निकला. तुमीच बोले थे ना, घर अपनाच है?"

समोरच्या ओसरीवरून माणिकराव टक लावून बघायलेले. आत विष्णुपंतांच्या बायकोच्या, अनसूयाबाईंच्या, हातातलं ताट हातातच राहिलं. गावोगाव बौद्धांची घरं जळायलीत, अन् हा बाबा त्यांतल्याच एकाला घेऊन थेट बामणआळीत.

"अरे, या ना, बसा," ते म्हणाले, अन् उंबऱ्यातून तसूभर हलले नाहीत. मग आवाज खाली आला. "तेस्फाय, तू राहा. खुशाल राहा. आश्रुबाचं बघू काहीतरी. दिवस वाईट आहेत."

तेस्फाय हसला. सरांना नीट कळलं नसेल, असंच त्याला वाटलं.

"सर, मैं मेहमान, तो ये भी मेहमान. हमारे गांव में ऐसाच."

विष्णुपंतांनी माणिकरावांच्या ओसरीकडं चोरून पाहिलं.

आश्रुबाला मात्र सगळं कळलं होतं. "सर, आमी सहज आलतो भेटायला," तो अदबीनं म्हणाला. "तुमी जेवून घ्या." विष्णुपंतांना कानफटात बसल्यासारखं झालं. पोराच्या डोक्यावर छप्पर न्हाई, अन् तो सरांची अब्रू झाकायलाय.

तेस्फायनं दोघांकडं पाहिलं. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. त्यानं ट्रंक खाली ठेवली अन् वाकून सरांच्या पायांना हात लावला. गुरूचा निरोप असा घ्यायचा, हे त्याला आश्रुबानंच शिकवलेलं. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता, अन् तेच विष्णुपंतांना सोसेना. आशीर्वादाला हात उचलला, पण शब्द काही फुटेना.

तोवर दोघं ट्रंक दोन्हीकडून धरून आळीबाहेर पडले होते.