अस्नाकेचचं छप्पर

वरच्या माळावरचं गुआसा गवत बंदीची पाच वर्षं कापायचं नाही, हा मेंझच्या डोंगरातल्या या गावांचा पणजोबांपासूनचा कायदा. गवतात उंदीर वाढतात, उंदरांवर लाल लांडगे जगतात, आणि बंदी उठली की माणसांच्या घरांवर छप्पर चढतं. राखणीचा प्रमुख तेसेमा. चोरीच्या गवताचं छप्पर प्रमुखानेच उतरवायचं, हेही ठरलेलं. बंदी उठायला अजून एक वर्ष होतं.

आणि नेमकी त्याच्याच विधवा बहिणीच्या, अस्नाकेचच्या घरावर नव्या गवताची दोन हात रुंद पट्टी! बाईने त्यावर राख फासली होती, जुन्यासारखं करडं दिसावं म्हणून. तेसेमाने आठवड्यापूर्वीच ओळखलं होतं. पण भाचीचे, मुलूचे दिवस भरत आले होते आणि गळती तिच्याच खाटेवर होती. त्याने डोळेझाक केली. मनाला मात्र ते लागून राहिलं.

रविवारी चर्च सुटलं आणि गारांचा पाऊस झोडपून गेला. राख भिंतीवरून ओघळली. पिवळंधमक गवत अख्ख्या गावाने पाहिलं.

"प्रमुख, बहिणीचं छप्पर एकदम तरुण झालं की हो!" शेजारचा गेताहुन म्हणाला. कोणी हसलं नाही.

तेसेमाने शिडी लावली.

"दादा, पोरगी आज-उद्या बाळंत होईल. एवढं राहू दे रे."

"हे राहिलं तर उद्या सगळे विळे घेऊन वर जातील. मग तुझ्या नातवाच्या घरावर काय घालणार, कपाळ?"

"म्हणून त्याने पावसात जन्मायचं? मेल्या, तू भाऊ की वैरी?"

तेसेमाने पेंढ्या उपसून खाली फेकल्या. मग गावाकडे वळून म्हणाला, "मला आधीच दिसलं होतं. मी गप्प बसलो. चूक माझीही आहे."

तीच शिडी त्याने आपल्या घराला लावली. स्वतःच्या खाटेच्या बरोबर वरच्या छपरातल्या, धुराने काळ्या झालेल्या पेंढ्या काढल्या. त्या मागच्या मोकळ्या वर्षातल्या, रीतसर कापलेल्या. गेताहुन शिडी धरून उभा राहिला. तिन्हीसांजेपर्यंत बहिणीच्या छपराचं भोक बुजलं.

मुलूला दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. खाट कोरडी होती.

तीन दिवस अस्नाकेच भावाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी भर पावसात आली, कॉफीची सुरई आणि एक मोठं मातीचं भांडं घेऊन.

"कॉफी पी," ती म्हणाली. "आणि हे भोकाखाली ठेव. वर्षभर लागेल."