मंतरलेली माती, प्लॉट चार-ब

ताईच्या शेताच्या बांधावर सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. शेतात गुडघाभर जांभळी फुलली होती आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर माती मंतरून देणारे बाबा बसले होते. मागच्या वर्षी याच शेतात बोटभर पिवळ्या काड्या उगवल्या होत्या, हे सगळ्यांनी पाहिलेलं. म्हणून चमत्कार.

जांभळी म्हणजे मिल्क व्हेच. भाताआधी पेरायची, फुलावर आली की नांगरून मातीत गाडायची, झालं हिरवळीचं खत. संशोधन केंद्रात सहा वर्षं मी हिच्याच मागे आहे. आणि इथे एक माणूस खुर्चीवर बसून तिचं श्रेय घेत होता. डोकं फिरेल नाहीतर काय?

“माझी माती बियाण्याला चोळली की मुकी जमीन बोलायला लागते,” बाबा सांगत होते. “बी साखरेच्या पाण्याने ओलं करायचं, माती चोळायची, सावलीत वाळवायचं. उन्हाची तिरीप लागली तर शक्ती उडून जाते. आता कोणी नांगर घालायचा नाही. शेंगा वाळू द्या. वीस दिवसांनी मी येईन, बी माझ्या हातात द्या, मग खुशाल नांगरा.”

ताईची भाताची रोपं बारा दिवसांत लावणीला येणार होती, आणि गाडलेली जांभळी कुजायला आठवडा-दीड आठवडा लागतोच. वीस दिवस थांबलं तर तिचं बळ बियात जाणार, काड्या टणक होणार, लावणी हुकणार. ताईचं शेत एवढंच, आणि जांभळीच्या भरवशावर तिने दुसरं खत आणलंच नव्हतं.

मी तिला घरात गाठलं. ती भांडी विसळत होती.

“आजच नांगर घाल.”

“बाबा नको म्हणालेत.”

“बाबांनी कधी भात लावलाय?”

“तू लावलायस? मागच्या वर्षी बी तूच दिलंस. काय उगवलं?”

“सोबत पत्रक दिलं होतं, ताई. ते वाचलंस का?”

ताईने फळीवरचा डबा उचलला आणि खाली अंथरलेलं माझं पत्रक काढून मोठ्याने वाचलं, “‘सहजीवी जिवाणूंच्या अभावी अपेक्षित ग्रंथीनिर्मिती न झाल्यास पूर्वलागवडीच्या क्षेत्रातील मृदेद्वारे संरोपण करावे.’ हे कोणासाठी लिहिलंस गं? माझ्यासाठी की तुझ्या साहेबांसाठी?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वाक्याचा अर्थ एवढाच होता, की जिथे जांभळी आधी झाली आहे तिथली मूठभर माती बियाण्याला लावा, कारण तिला लागणारे जिवाणू त्या मातीत असतात. खालच्या ओळीत साखरेचं पाणी होतं, त्याखाली सावली. बाबांचं सगळं प्रवचन माझ्याच पत्रकातलं निघालं.

“त्यांनी दिलेली माती उरलीय?”

ताईने आधी मला हात धुवायला लावले, मग पुरचुंडी दिली. मी ती ताटलीत ओतली. मातीत ॲल्युमिनियमच्या बिल्ल्याचा तुकडा होता आणि त्यावर माझ्याच अक्षरात ‘४-ब’. पेरणीच्या सुमारास आमच्या चार-ब प्लॉटमध्ये खड्डे पडले होते. आम्ही रानडुकरांवर ठपका ठेवून कुंपणासाठी अर्ज केला होता. अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर आहे.

“माती तुमच्या केंद्रातली असेल,” सगळं ऐकून ताई म्हणाली, “पण शक्ती तर त्यांनी घातली ना?”

“मग विहिरीकडची पट्टी पिवळी का?” दारातून भावोजी म्हणाले.

त्या पट्टीचं बी त्यांनी लवकर वाळावं म्हणून पत्र्यावर उन्हात पसरलं होतं. पट्टी पिवळी पडल्यावर बाबांनी निदान केलं, घरधन्याची श्रद्धा कच्ची आहे. तेव्हापासून भावोजी रोज बोलणी खात होते.

मी ताईचा हात धरून शेतात नेलं. हिरव्यातली दोन रोपं उपटली, पिवळ्यातली दोन. मुळं पाण्यात खळबळली. हिरव्याच्या मुळांना बारीक गाठी होत्या, एक नखाने फोडली तर आत गुलाबी. पिवळ्याची मुळं साफ मोकळी, एकही गाठ नाही.

“जिवाणू या गाठींमध्ये राहतात,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “हवेतलं नत्र घेऊन झाडाला देतात. झाड गाडलं की ते भाताला मिळतं. उन्हात वाळवल्यावर जिवाणू मेले. भावोजींच्या श्रद्धेने ते मरतही नाहीत आणि जगतही नाहीत.”

“मॅडम,” बाबा मंद हसले, “तुमचं विज्ञान संपतं तिथून मी सुरू होतो.”

“तुम्ही आमच्या चार-बपासून सुरू झालात,” म्हणत मी बिल्ला पुढे केला.

हसू मावळलं आणि दाढीमागचा चेहरा मला ओळखू आला. दोन हंगाम तो आमच्याकडे रोजंदारीवर होता. बियाण्याला माती चोळायला त्याला मीच शिकवलं होतं.

“त्याच प्लॉटमधली माती मी भट्टीत भाजून देते,” मी म्हटलं. “जिवाणू मेलेले असतील. शक्ती घाला आणि याच पट्टीवर हिरवीगार जांभळी उगवून दाखवा.”

बाबांना अचानक थकवा आला. ते उठून गेले, खुर्ची ताईची होती ती राहिली.

ताईने आणखी एक गाठ स्वतःच्या नखाने फोडून पाहिली. मग भावोजींना म्हणाली, “नांगर जोडा. आणि तुम्हाला इतके दिवस बोलले, ते चुकलं माझं.”

एवढ्याने सगळे शहाणे झाले असतील असं वाटत असेल, तर तसं काही नाही. बाबांची माती लावलेल्यांपैकी सात जणांनी नांगर घातलाच नाही, वीस दिवस वाट बघितली. बाबा आलेच नाहीत. ज्यांनी नांगरलं त्यांच्यातले एक काका नांगरणीच्या दुसऱ्याच दिवशी केंद्रात आले, पुढच्या हंगामासाठी माती मागायला. मी पिशवी भरून दिली तरी ते हलेनात.

“मंत्र नको, मॅडम,” ते म्हणाले, “पण जरा हात लावून द्या. तुमच्या हाताला गुण आहे.”

मी कपाळावर हात मारला. मग टेबलाशी बसून ते पत्रक फाडलं आणि नवं लिहिलं. ते असं:

जांभळी जिथे आधी चांगली आली आहे, तिथली मूठभर माती बियाण्याला लावा. सावलीत वाळवा. फुलं आली की नांगरा. हे बाबांनी सांगितलं म्हणून मानू नका, आणि मी सांगते म्हणूनही नको. एक कोपरा माती न लावता पेरा, आणि दोन्हीकडची मुळं उपटून स्वतः बघा.