सहा झाकणांचा आत्मा

आमच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. माणसं कुंपणावर चढून आमच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरकडे बघत होती. माझे मालक गेल्यापासून तो सारखा अडायचा, म्हणून थोरल्या लेकाने महाराज आणले. महाराजांनी इंजिनापासून सीटपर्यंत मखमली चादर पांघरली, शिष्य पोतं घेऊन तिच्याखाली शिरला.

"डोळे मिटा," महाराज म्हणाले. "उघड्या डोळ्यांना आत्मा लाजतो."

मेलेल्याला लाज, जित्याला नाही. मंत्र मात्र चांगलाच लांबला.

चादर निघाली, महाराजांनी बटण दाबलं. हँडल मारून खांदे निखळल्याशिवाय न बोलणारा ट्रॅक्टर एका झटक्यात धडधडला. दिवे डोळे दिपतील असे पेटले आणि फट्‌कन फुटले. बाया पाया पडल्या.

"मालक चिडलेत," महाराज म्हणाले. "त्यांना माझ्याकडे यायचंय. ट्रॅक्टर इथं राहिला तर थोरल्याला ओढून नेतील."

थोरला माझ्याकडे वळला. "आई, देऊन टाकू."

"आणि नांगराला काय जुंपू, तुला?"

"माई, श्रद्धा ठेवा," महाराज म्हणाले.

"ठेवते की. आधी सीट उचलते."

मालकांना बॅटरीत पाणी घालायचं कधी सुचलं नाही. ते काम माझंच. तीन झाकणं उघडायची, पाणी घालायचं, लावायची. सीटखाली बघते तर झाकणं सहा.

"मेल्यावर माणसाला पोरं होत नाहीत," मी म्हटलं, "मग बॅटरीला झाकणं कशी झाली?"

सून शाळेत विज्ञान शिकवते. तिने शिष्याच्या पोत्यातून आमची बॅटरी ओढून काढली. "आई, आपली सहा व्होल्टची, ही बाराची. दुप्पट जोराने स्टार्टर फिरला, पण सहाचे दिवे कसे टिकणार?" तिने घरात पडलेला ट्रॅक्टरचाच जुना बल्ब आमच्या बॅटरीला लावला. तो मिणमिणला. महाराजांच्या बॅटरीला लावताच लखकन पेटला आणि उडाला. पाया पडलेल्या बाया गुडघे झाडत उठल्या.

"विज्ञान वेगळं, अध्यात्म वेगळं," महाराज पुटपुटले. "बॅटरी द्या, निघतो."

"अहो, मालकांचा आत्मा आहे तो. परक्याच्या हाती कसा देऊ?"

पुढे सुनेने मिस्त्रीकडून बाराचे दिवे, ठिणगीसाठी बाराची कॉइल बसवून घेतली, बॅटरी भरायला जुना डायनामो काढून अल्टरनेटर लावला. आता थोरला बसल्या जागी बटण दाबतो. मंत्र लागत नाही.

तुमच्याही दारात असला कोणी आला तर सरळ उचकून बघा. देव असेल तर रागावणार नाही, आणि चोर असेल तर थांबणार नाही.