उजव्या पायाचं हाड

चित्रकारबाईंच्या मनात पाल चुकचुकली ती सुईकाकांना चित्रशाळेत आपल्या टेबलावर वाकलेलं पाहिलं त्या दिवशी. संग्रहालयात दगडातली हाडं सुईने टोकरून मोकळी करायचं काम ते तीस वर्षं करत होते, म्हणून सगळ्यांचेच सुईकाका. एरवी मान वर न करणारा माणूस, आणि त्या दिवशी बाईंच्या कच्च्या चित्राला नाक लावून उभा! बाईंना पाहून त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. चोराच्या मनात चांदणं, बाई मनातल्या मनात म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून ड्रॉवरला कुलूप लागलं.

चित्र नव्या सापडलेल्या प्राण्याचं होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, कुत्र्याएवढा, मान पाठीकडे वळवून पडलेला, मागचा एक पाय कधीतरी मोडून वाकडा जुळलेला. वीस वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या चित्रांत रंग भरले होते. हे पहिलं त्यांच्या सहीने दालनाच्या भिंतीवर लागणार होतं. नवऱ्याने नुसतं ‘कुठवर आलं?’ विचारलं तरी ‘तुम्हाला कशाला हव्यात चौकशा?’ असं उत्तर मिळे. बिचाऱ्याने कानाला खडा लावला.

नामशेष झालेल्या प्राण्यांची चित्रं काढून एकमेकांना दाखवणाऱ्या हौशी लोकांचा इंटरनेटवर एक गट होता. बाई रोज सकाळी चहासोबत तो चाळत. एका मंगळवारी तिथे बिननावाचं चित्र आलं, आणि चहा तसाच गार झाला. तोच प्राणी, तीच वळलेली मान, तोच वाकडा पाय. प्राण्याची बातमी जाहीर झाली होती, पण मोडलेला पाय बाहेर कोणाला ठाऊक असणार?

बाई तडक संग्रहालयाच्या साहेबांकडे गेल्या. दुपारपर्यंत साहेबांनी सुईकाकांकडून चित्रशाळेची किल्ली काढून घेतली. काकांनी ती मुकाट्याने टेबलावर ठेवली. बाईंना तेही खटकलं. खरा माणूस भांडला असता, असं त्यांना वाटलं.

मग पुरावा गोळा करायला त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. त्यांच्या चित्रात डावा पाय मोडका होता, त्या चित्रात उजवा. लबाडाने चोरी लपवायला पाय बदलला तर! आता हाडच साहेबांसमोर ठेवू, म्हणून त्या तळघरात गेल्या आणि खोका उघडला.

मोडका पाय उजवा होता.

बाईंनी खोका पुन्हा नीट पाहिला. खोक्यात दगडाच्या दोन फाळी होत्या. फोडताना एकीत हाडं राहिली होती आणि दुसरीत नुसता ठसा, रबरी शिक्क्यासारखा उलटा. चित्र काढायला त्यांना मिळालेला फोटो ठशाचा होता, आणि फोटोत खळगेही कधीकधी फुगीर दिसतात. घाईत त्या खाली उतरून हाड बघायलाच आल्या नव्हत्या. ते बघून चित्र काढणारा माणूस एकच होता, सहा महिने त्यावर सुई चालवणारा. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

साहेबांना सगळं सांगून, किल्ली घेऊन त्या काकांसमोर उभ्या राहिल्या.

“पाय उलटा आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी दिसलं,” काका सुई न थांबवता म्हणाले. “लगेच सांगायला जीभ रेटेना. तुम्ही चित्रकार, मी दगड खरवडणारा. दुसऱ्या दिवशी धीर करून आलो, तर ड्रॉवरला कुलूप.”

“मग गटात का टाकलंत?”

“तुम्ही तिथे रोज बघता ना, बाई. म्हटलं, पाय बघून तुम्हीच ओळखाल.”

बाईंनी त्या पायाकडे चोरी म्हणूनच पाहिलं होतं. त्यांनी माफी मागितली, चित्र बदलते म्हणाल्या आणि किल्ली पुढे केली. काकांनी हातावरची दगडाची धूळ झटकली, पण हात पुढे केला नाही.

“राहू द्या तुमच्याकडेच,” ते म्हणाले. “काही सांगायचं असलं तर दार वाजवून येईन.”