पाच स्टारवाली खिडकी

इकडेतिकडे बघू नका, मी खिडकी बोलतेय. पश्चिमेच्या भिंतीतली. माझ्या कोपऱ्यावर लेबल अजून तसंच आहे आणि त्यावर पाच स्टार आहेत. ते बघून येणारेजाणारे मान डोलावतात. स्टारांच्या खाली बारीक अक्षरांत काही आकडे आहेत, तिथवर कुणाची नजर जात नाही.

माझा जन्म कारखान्यातला. दोन काचा, त्यांच्यामध्ये कोंडलेला वायू आणि काचेवर डोळ्यांना न दिसणारा एक लेप. विकायच्या आधी माझी कसून तपासणी झाली. घरातली ऊब माझ्यातून किती निसटते, हा पहिला आकडा. अगदी कमी निघाला. उन्हाची धग मी किती आत घेते, हा दुसरा. तो भरपूर. फटींतून वारा किती शिरतो, हा तिसरा. जवळजवळ नाहीच! थंड गावातल्या घराला आणखी काय हवं? म्हणून थंड गावासाठीचे पाचच्या पाच स्टार मला मिळाले. मी हरखून गेले होते, खोटं कशाला बोलू.

पण ज्या घरासाठी मला केलं, ते बांधलंच गेलं नाही. गोदामात धूळ खात पडले आणि शेवटी या कडक उन्हाच्या गावातल्या एका दुकानात येऊन टेकले.

एक दिवस बसचा ड्रायव्हर दुकानात आला. "आईची खोली पश्चिमेला आहे हो. दुपारी नुसती भट्टी होते. तिला दमा आहे, अंथरुणातून उठता येत नाही. गारवा राहील असं काहीतरी द्या."

"मग हीच न्या," दुकानदार म्हणाला. "पाच स्टार! डोळे झाकून न्या."

बिचाऱ्यानं अगदी तसंच केलं. अरे बाबा, दुसरा आकडा वाच, असं मी जीव तोडून ओरडले. पण खिडकीचं ऐकतो कोण!

भिंतीतली जुनी लाकडी खिडकी काढून तिथं मला पक्कं बसवलं. मी उघडत नाही, माझी घडणच तशी. पहिल्या दिवशी आईंनी माझ्या लगतच्या अंथरुणातूनच माझ्यावरून हात फिरवला आणि सूनबाईला म्हणाल्या, "किती स्वच्छ दिसतंय गं! याची बस पण दिसेल." बस खालच्याच रस्त्यानं जाते. दुपारच्या फेरीला तो घरासमोर आला की वर बघून हात करायचा, आणि आईही पडल्यापडल्या हात करायच्या. दिवसभरात त्यांची वाट बघण्यासारखी तेवढीच गोष्ट होती.

मग ऊन चढलं. ते मी सगळं आत घेतलं आणि त्यातलं काहीही बाहेर जाऊ दिलं नाही. माझं काम मी चोख केलं. आई घामानं भिजल्या, त्यांना श्वास पुरेना. सूनबाई धावत आली, आणि तिनं खोक्याचा पुठ्ठा कापून मला आतून झाकून टाकलं.

"आज यांना सांगतेच मी," ती म्हणाली.

"माझी शपथ आहे तुला," आई धापा टाकत म्हणाल्या. "माझ्यासाठी, या खिडकीच्या पैशांसाठी जादा फेऱ्या मारल्या गं त्यानं."

तेव्हापासून दुपारी पुठ्ठा लागतो आणि रात्री ड्रायव्हर घरी यायच्या आत निघतो. ऊन अडवायचं तर माझ्या बाहेर अडवा हो, एखादं साधं कापडी छप्पर तरी लावा! एकदा ऊन काचेतून आत आलं की पुठ्ठा काय करणार? खोली तापते ती तापतेच, वर अंधारही होतो. बस येते, तो हात करतो, ते फक्त मला दिसतं. माझ्या काचेवर ऊन चमकतं, म्हणून खालून त्याला पुठ्ठा दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी तो दुपारभर आतल्या खोलीत मेल्यासारखा झोपतो, त्यामुळे त्याला पत्ताच नाही.

रात्री घरी आला की विचारतो, "आई, दिसलो का आज?"

"दिसलास की! हात केलास ना?"

आता आईंना आधार आहे तो गॅलरीच्या जुन्या दाराचा. त्याच्या खालच्या फटीतून थोडी झुळूक येते, म्हणून सूनबाई दुपारी त्यांची गादी तिकडे ओढते. त्या फटीकडे तोंड करून पडून राहतात. तुम्ही कधी खिडकी घ्यायला गेलात, तर आपल्या गावचं ऊन आठवा आणि बारीक अक्षरं वाचा. माझ्याकडून मागणं एवढंच. या घरासाठी ते मागायला आता उशीर झालाय.

काल रात्री ड्रायव्हर टेप घेऊन आला आणि गॅलरीच्या दाराचं माप घेऊ लागला. "खिडकी आवडली ना तुला? मग याच कंपनीचं दार सांगितलंय. पाच स्टार! खाली केसाएवढीसुद्धा फट राहणार नाही."

सूनबाईनं तोंड उघडलं. आईंनी तिच्याकडे बघून नुसती मान हलवली. मग लेकाला म्हणाल्या, "बसव बाळा. छान होईल."

दार उद्या येतंय.