काटा चढला तेव्हा

औषध घातलेली नळी गढूळ झाली होती, आणि ती व्हायला नको होती. हिराने ती यंत्रातून काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली. काटा होता तिथेच, उलट थोडा वरच.

पालघरच्या त्या लहानशा दवाखान्यातली प्रयोगशाळा हिरा एकटीच सांभाळायची. शिरगावच्या मच्छीमार घरातली सून, बी.एस्सी. होऊन नोकरीला लागली होती. शहाऐंशी साली डॉक्टर कमलाकांतांनी बोईसरच्या एका औषध कारखान्यातून हे जुनं यंत्र आणलं. नळीतून उजेड आरपार जायचा. जंतू वाढले की पाणी गढुळायचं, उजेड अडायचा आणि काटा चढायचा. औषधाच्या नळीत काटा खालीच राहिला तर औषध लागू. चढला तर दुसरं शोधा. एवढं सोपं.

पण आजच्या नळीतले जंतू तिच्या नणंदेच्या लघवीतले होते. जमना बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा महिना. मूत्रपिंडाला संसर्ग झाला आणि ताप हटेना. सकाळी नमुना घेऊन डॉक्टरांनी लगेच अँपिसिलिन सुरू केलं होतं; नळीतही तेच घातलं होतं. ते लागू पडणार नसेल तर जेंटामायसिन द्यावं लागणार होतं, आणि त्याने पोटातल्या बाळाच्या कानांना इजा होण्याची भीती होती. हे जमनाला कुणी सांगितलं नव्हतं. हिराला ठाऊक होतं.

तिने जाऊन डॉक्टरांना सांगितलं.

"लागू नाही म्हणतेस?"

"काटा तरी तसंच म्हणतोय, सर."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला नि नर्सला हाक मारली.

हिरा परत आली, पण तिला बसवेना. काहीतरी करायचं म्हणून तिने त्या नळीतला थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आखूड कांड्यांसारखे जंतू दिसायला हवे होते. दिसले ते लांबच लांब दोरे, फाटक्या जाळ्यातून सुटावेत तसे.

बुरशी पडली वाटतं, तिच्या मनात आलं. तिने नवी काच घेतली, नवा थेंब घेतला. पुन्हा दोरेच. औषध न घातलेल्या नळीत मात्र सगळ्या आखूड कांड्या, बुजबुजलेल्या. बुरशी असती तर दोन्हीकडे नसती का? आणि हे जंतूच असतील तर वाढलेत म्हणायचं की बिघडलेत? मोजायला गेलं तर थोडेच होते. नुसते लांबले होते. उजेड अडवायला तेवढं पुरत असेल? तिचं डोकं चालेना. पाय मात्र चालले.

डॉक्टर खाटेजवळ उभे होते, हातात जेंटामायसिनची भरलेली सुई.

"सर, थांबा!"

"का? काय झालं?"

"काय झालं ते मला सांगता येत नाही. मी मघाशी सांगितलं ते कदाचित चूक असेल. कदाचित बरोबरही असेल."

"हिरा, हे काय बोलणं झालं?"

जमनाने तापलेले डोळे उघडले. "वयनी, काय ते एकदा ठरवा. टोचायचा हाय का नाय?"

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली, प्रयोगशाळेत येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तो बराच वेळ हलवला नाही. "असलं मी कधी पाहिलं नाही," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत अँपिसिलिनच चालू ठेवू. ती जास्त बिघडली तर मात्र थांबणार नाही."

दुपार कलली आणि काटा उतरू लागला. हिराला आनंद होण्याऐवजी धसका बसला. यंत्रच बिघडलं की काय? तिने औषध न घातलेली नळी घालून पाहिली; तिचा काटा वरच. म्हणजे यंत्र ठीक होतं. काचेवर आता दोऱ्यांचे फुटके तुकडे उरले होते. मग औषध लागू! ती धावत खाटेपाशी गेली, जमनाच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तसंच भाजत होतं. नळी एक बोलत होती, माणूस दुसरंच. डॉक्टरांनी दोन्हींकडे पाहिलं आणि नळीवर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जमनाला दरदरून घाम फुटला. "भूक लागलीय," ती म्हणाली, आणि भाताबरोबर सुकटच हवी म्हणून हटून बसली.

पुढे तीन-चार महिन्यांनी यंत्र दुरुस्त करायला कारखान्यातले जंतुशास्त्राचे जाणकार, कृष्णकांत, आले. हिराने त्यांना दोऱ्यांचं विचारलं. ते हसले. "या औषधाने जंतूला दुभंगता येत नाही. तो नुसता लांबत जातो आणि शेवटी फुटतो. म्हणून काटा आधी चढतो."

हिराने मान डोलावली. कोडं सुटलं होतं, तरी तिचं समाधान होईना. त्या दुपारी यातलं काहीच तिला माहीत नव्हतं. मग आपण कशाच्या भरवशावर सुई थांबवली? आणि ताप चढत गेला असता तर? बाहेर जमनाच्या कडेवर तिची तान्ही लेक रडत होती. कुणाच्या तरी हातातून पत्र्याचं भांडं पडलं, तशी पोर आवाजाने दचकली, नि आणखीच जोरात रडायला लागली.